जीवनसत्त्वाची गोळी आणि हृदयाचं औषध : शंभर वर्षांचा हिशोब



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांचा इतिहास पाहतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही एका मोहिमेचाच इतिहास आहे. हृदयविकारावर डॉक्टरांनी दिलेली औषधं सोडून त्याऐवजी जीवनसत्त्वांच्या आणि पूरक गोळ्या घेतल्या तर चालतं का? हा प्रश्न मला माजी सैनिकांच्या प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, तुमच्याही मोबाइलवर असा संदेश आला असेल : 'कोलेस्टेरॉलची गोळी विष आहे, ती फेकून द्या आणि ही नैसर्गिक गोळी घ्या.'

मी डॉक्टर नाही. मी इन्फंट्रीचा अधिकारी होतो आणि इतिहास हा माझा आवडीचा विषय आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत काय काय घडलं, कोणी कोणता दावा केला आणि तो मैदानात टिकला की नाही, हे मी सांगू शकतो. हा इतिहास माहीत असेल तर निम्मे संदेश तुम्ही स्वतःच पुसून टाकाल.

कूतचा वेढा

सुरुवात आपल्याच पलटणींपासून करू. पहिल्या महायुद्धात ६ वी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. जनरल टाउनशेंड तिचा सेनापती होता. बगदादच्या दिशेनं केलेली चढाई फसली आणि डिव्हिजन माघार घेत तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावी आली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेनं तिला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या.

लष्करी इतिहासात कूत हा मोठा पराभव म्हणून शिकवला जातो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याची वेगळी नोंद आहे. एकाच गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या दोन गटांना दोन वेगळे आजार झाले. गोरे सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव आणि डब्यातलं मांस खात होते. त्यांच्यात बेरीबेरी पसरला : पाय सुजतात, हातापायांतली शक्ती जाते, आणि एका प्रकारात हृदयच फुगून निकामी होतं. आपले सैनिक कोंड्यासकट आटा आणि डाळ खात होते. त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण भाज्या नव्हत्या, फळं नव्हती आणि धर्माच्या कारणानं अनेकांनी घोड्याचं मांस नाकारलं होतं. त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. त्यांना स्कर्व्ही झाला.

पुढे मैदा संपला. गोऱ्या सैनिकांनाही जव आणि आट्याची भाकरी खावी लागली आणि त्यांच्यातला बेरीबेरी ओसरला. औषध कोणतंच दिलं नव्हतं. फक्त रेशन बदललं होतं.

'जीवनसत्त्वानं हृदय बरं होतं' या वाक्याचं मूळ अशा अनुभवांत आहे, आणि त्या ठिकाणी ते शंभर टक्के खरं आहे.

कुन्नूर आणि नेल्लोर

वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं शेजारचं कुन्नूर पाहिलेलं असतं. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरनं बेरीबेरीवर संशोधन सुरू केलं. त्या छोट्या कामातूनच पुढे आपली राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली, जी आज हैदराबादला आहे.

तांदळाच्या कोंड्यातला तो नेमका पदार्थ १९२६ साली जावा बेटावर यान्सेन आणि डोनाथ या दोन डच शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करण्याचं काम १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं केलं. विल्यम्सचा जन्म आपल्या नेल्लोरचा, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झालेला. हा पदार्थ म्हणजे थायमिन, जीवनसत्त्व ब-१. बेरीबेरीनं हृदय निकामी झालेल्या रुग्णाला थायमिनचं इंजेक्शन दिलं की काही तासांत, काही दिवसांत तो उठून बसतो. वैद्यकात इतके झटपट विजय फार थोडे आहेत.

या विजयाची एक अट मात्र नीट लक्षात ठेवा. ज्या आजाराचं कारणच त्या जीवनसत्त्वाची कमतरता आहे, तो आजार त्या जीवनसत्त्वानं बरा होतो. फौजेच्या भाषेत सांगायचं तर दारूगोळा संपल्यामुळे चौकी पडत असेल, तर दारूगोळा पोचवला की चौकी वाचते. पण चौकी पडण्याचं कारण दुसरंच असेल, तर दारूगोळ्याच्या शंभर पेट्या जास्त पाठवून काय होणार?

आज आपल्याला येणारा हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा वेगळ्या कारणानं येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठतो. एक दिवस तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. ही कमतरता नाही, ही साठवण आहे. कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

कॅनडातले दोन भाऊ

हा फरक पुसट करण्याची सुरुवात कॅनडात झाली. जीवनसत्त्व ई १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी शोधलं होतं. उंदरांच्या प्रजननावर काम करताना ते सापडलं, हृदयाशी त्याचा संबंध नव्हता. १९४६ साली ओंटारिओ प्रांतातल्या लंडन या शहरात इव्हान आणि विल्फ्रिड शूट या दोन डॉक्टर भावांनी जाहीर केलं की जीवनसत्त्व ईनं छातीतलं दुखणं, म्हणजे अंजायना, बरं होतं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. त्यांनी संस्था काढली, हजारो रुग्णांवर उपचार केले, पुस्तकं लिहिली.

ते लबाड होते असं म्हणण्याचं कारण नाही. त्यांच्या रुग्णांना खरोखर बरं वाटत असेल. पण अंजायनाचं दुखणं चढउताराचं असतं. चांगल्या डॉक्टरचा हात खांद्यावर पडला तरी ते काही काळ कमी होतं. म्हणून तपासणीची एक रीत आहे : निम्म्या रुग्णांना खरी गोळी द्या, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी द्या, वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरला शेवटपर्यंत कळू देऊ नका. शूट बंधूंनी हे केलं नाही. इतरांनी त्या काळात ज्या छोट्या चाचण्या घेतल्या, त्यांत फायदा दिसला नाही. तरीही विश्वास टिकून राहिला.

बुरशीतून आलेली गोळी

याच काळात दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं? जपानमध्ये अकिरा एंडो नावाचा शेतकरी घरातला शास्त्रज्ञ टोकियोच्या सांक्यो कंपनीत काम करत होता. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवणारा पदार्थ एखाद्या बुरशीत असेल, असा त्याचा अंदाज होता. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६ हजार बुरशींची तपासणी केली. १९७३ साली एका निळ्या-हिरव्या बुरशीत, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये, तो पदार्थ सापडला. जगातलं हे पहिलं स्टॅटिन. १९८७ साली लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन अमेरिकेत विक्रीला आलं.

तोवर कोलेस्टेरॉल कमी होतं हे कळलं होतं, पण माणूस वाचतो का, हा प्रश्न बाकी होता. त्याचं उत्तर १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या चाचणीनं दिलं. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांहून अधिक काळ. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, सिंव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. अॅस्पिरिनचा निकाल त्याआधीच, १९८८ साली लागला होता. १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत झटका आल्यावर लगेच सुरू केलेल्या छोट्या गोळीनं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले.

म्हणजे स्टॅटिन आणि अॅस्पिरिन या दोघांनीही आपली जागा मैदानात कमावली. कोणी शिफारस केली म्हणून ती त्यांना मिळाली नाही.

१९९३ : एक फसवा विजय

आता जीवनसत्त्वांच्या बाजूचा सर्वांत उजळ क्षण पाहू. १९९३ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ८७ हजारांहून अधिक परिचारिकांची माहिती आठ वर्षं गोळा केली होती. ज्या परिचारिका जीवनसत्त्व ई सर्वांत जास्त घेत होत्या, त्यांच्यात हृदयविकार सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला. पुरुषांच्या पाहणीतही तसंच चित्र आलं. गोळ्यांचा खप वाढला. अनेक डॉक्टर स्वतःही त्या घेऊ लागले.

यात गफलत कुठे होती? पलटणीतलं उदाहरण देतो. सुट्टीच्या दिवशीही पहाटे धावायला जाणाऱ्या जवानांकडे पाहा. त्यांचे बूट चकचकीत असतात. म्हणून बूट चमकवल्यानं छाती मजबूत होते असं कोणी म्हणेल का? जो माणूस शिस्तीचा असतो तो धावतोही आणि बूटही चमकवतो. तसंच, नेमानं जीवनसत्त्वाची गोळी घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिगारेट कमी ओढते, चालायला जाते, भाजी खाते, रक्तदाब तपासते. फायदा त्या सवयींचा, नाव मात्र गोळीचं झालं.

१९९६ साली केंब्रिजच्या २,००२ रुग्णांच्या चाचणीत जीवनसत्त्व ईनं झटके कमी झाल्याचं दिसलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. आता मोठी, निर्णायक चाचणी हवी होती.

एकाच मैदानात दोन हत्यारं

ती चाचणी ज्यानं चालवली तो माणूस आपल्याकडचा. सलीम युसुफ मूळचे केरळचे, बंगळूरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे ओंटारिओतल्या हॅमिल्टनला मॅकमास्टर विद्यापीठात स्थिरावलेले. ज्या प्रांतात शूट बंधूंनी दावा केला, त्याच प्रांतातून त्या दाव्याचा निकाल लागला.

या चाचणीचं नाव 'होप', म्हणजे आशा. साडेनऊ हजार रुग्ण, साडेचार वर्षं. रचना हुशारीची होती : त्याच रुग्णांवर एकीकडे जीवनसत्त्व ई आणि दुसरीकडे रामिप्रिल हे रक्तदाबाचं औषध, दोन्ही एकदम तपासायचं. २००० साली निकाल आला. झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्र प्रमाण रामिप्रिल घेणाऱ्यांत १४ टक्के, न घेणाऱ्यांत १७.८ टक्के. जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत १६.२ टक्के, न घेणाऱ्यांत १५.५ टक्के. म्हणजे औषधानं काम केलं, जीवनसत्त्वानं नाही. रुग्णांवर आणखी काही वर्षं लक्ष ठेवल्यावर २००५ साली असं दिसलं की ई घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण थोडं जास्तच होतं.

दुसरी चाचणी ब्रिटनमधली, २००२ सालची. २०,५३६ माणसं, पाच वर्षं. पुन्हा तीच रचना. एका हातात सिंव्हास्टॅटिन, दुसऱ्या हातात जीवनसत्त्व ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र. स्टॅटिन घेणाऱ्यांत १२.९ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत १४.७ टक्के. जीवनसत्त्वांच्या गटात १४.१ टक्के, न घेणाऱ्यांत १३.५ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसतो, म्हणजे ना फायदा ना तोटा. रक्तातली जीवनसत्त्वांची पातळी मात्र छान वाढली होती. रक्तात पातळी वाढणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बीटा कॅरोटीन? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, १९९४ साली, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. 'जीवनसत्त्व आहे, नुकसान काय होणार?' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जीवनसत्त्व जेव्हा औषध होतं

न्यायानं बोलायचं तर एक जीवनसत्त्व खरोखर औषध म्हणून वापरलं गेलं. नायसिन, म्हणजे ब-३. १९५५ साली कॅनडात रुडॉल्फ आल्टशुल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या मात्रेत ते कोलेस्टेरॉल उतरवतं. रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅम आणि ही मात्रा २ ते ३ हजार मिलिग्रॅम! एवढ्या मात्रेत ते अन्न राहत नाही, औषधच होतं, आणि औषधासारखे दुष्परिणामही देतं. चेहरा लाल होतो, अंग भाजल्यासारखं होतं.

स्टॅटिन येण्यापूर्वी, १९६६ ते १९७४ या काळात अमेरिकेत ८,३४१ पुरुषांवर झालेल्या चाचणीत नायसिननं दुसरा झटका येण्याचं प्रमाण कमी केलं. त्यामुळे ते अनेक वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहिलं. पण स्टॅटिन चालू असताना त्यात नायसिन घालून काही मिळतं का, हे २५,६७३ रुग्णांवर तपासलं, तेव्हा २०१४ साली उत्तर आलं : फायदा नाही, उलट मधुमेह, संसर्ग आणि रक्तस्राव वाढला. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. जो नियम ईला लावला तोच नायसिनला लावला.

पुणे आणि ब-१२

आता एक मुद्दा जो आपल्या घरातला आहे. १९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरनं मांडलं की रक्तात होमोसिस्टीन हा घटक वाढला की रक्तवाहिन्या खराब होतात. ब-६, ब-१२ आणि फॉलिक अॅसिड दिलं की होमोसिस्टीन उतरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं दाखवलं की आपल्याकडे ब-१२ ची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर आहे. शाकाहार हे त्याचं मोठं कारण.

मग ब-१२ घेतलं की हृदय वाचेल? २००६ साली नॉर्वे आणि कॅनडातून दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २०१५ साली चीनमध्ये रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर फॉलिक अॅसिडची चाचणी झाली, त्यात पक्षाघाताचं प्रमाण सुमारे पाचव्या भागानं घटलं. ही चांगली बातमी आहे. पण तिथे फॉलिक अॅसिड रक्तदाबाच्या गोळीसोबत दिलं होतं, त्या गोळीऐवजी नाही.

ब-१२ कमी असेल तर जरूर घ्या. मुंग्या येणं, अशक्तपणा, रक्त कमी होणं यांवर तो खरा उपाय आहे. मात्र त्याला स्टॅटिनच्या जागी उभं करू नका.

मासे, लाल तांदूळ आणि सर्पगंधा

माशाच्या तेलाची कथा ग्रीनलंडमधून सुरू होते. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या इन्यूट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला. १९९९ साली इटलीत ११,३२४ रुग्णांच्या चाचणीत माशाच्या तेलाचा फायदा दिसला. पण स्टॅटिन सर्रास झाल्यानंतर २०१८ साली अमेरिकेत २५,८७१ निरोगी माणसांवर तपासणी झाली, तेव्हा माशाच्या तेलानं किंवा जीवनसत्त्व डीनं हृदयविकार आणि पक्षाघात यांत ठोस घट झाली नाही. त्याच वर्षी ८,१७९ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, माशाच्या तेलातला एक शुद्ध केलेला घटक रोज ४ ग्रॅम दिल्यावर धोका पाव भागानं घटल्याचं दिसलं. त्यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. पण तो घटकही चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे आणि ते रुग्ण स्टॅटिन घेतच होते.

लाल यीस्टच्या तांदळाची गंमत त्याहून मोठी. 'स्टॅटिन नको, हा नैसर्गिक तांदूळ घ्या' असं सांगून तो विकला जातो. १९७९ साली याच बुरशीत अकिरा एंडोला मोनाकोलिन के हा पदार्थ सापडला. तो आणि लोव्हास्टॅटिन एकच. म्हणजे स्टॅटिनला घाबरून पळालेला माणूस स्टॅटिनच घेतो, फक्त मात्रा किती हे त्याला माहीत नसतं. मार्च २०२४ मध्ये जपानमधल्या एका कंपनीला अशा गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या, कारण घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली होती.

इथे कोणी म्हणेल, 'तुमचा निसर्गावर विश्वास नाही का?' आहे, आणि पुरावा मुंबईचा आहे. आपल्या सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रुग्णांवर तपासलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांचे निकाल छापले. त्यानंतर जगभर या वनस्पतीवर काम झालं, १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पती आपली, डॉक्टर आपला, चाचणीही आपली. स्टॅटिन बुरशीतून आलं, अॅस्पिरिनचं मूळ विलोच्या सालीत आहे. झाडातून आलं की कारखान्यातून, हा प्रश्नच नाही. तपासलं की नाही, एवढंच विचारायचं.

समोरासमोर

२०२२ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सरळ सामना लावला. सुमारे दोनशे माणसं, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिनची सर्वांत लहान, ५ मिलिग्रॅमची गोळी. इतर गटांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींचे स्टेरॉल किंवा लाल यीस्टचा तांदूळ. एका गटाला नकली गोळी. रोसुव्हास्टॅटिननं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवलं. सहापैकी एकही पूरक गोळी नकली गोळीपेक्षा ठोसपणे वरचढ ठरली नाही. मुदत थोडी होती, हे खरं. पण विक्रीच्या जाहिरातीत 'महिन्याभरात फरक' असंच लिहिलेलं असतं.

मग विश्वास का टिकतो?

तीन कारणं आहेत.

पहिलं, कायदा. औषध बाजारात आणायचं तर ते काम करतं हे सरकारला दाखवावं लागतं. पूरक गोळ्या अन्नाच्या कायद्यात येतात. आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, अमेरिकेत १९९४ चा कायदा. अन्न सुरक्षित असावं लागतं, त्यानं झटका टळतो हे सिद्ध करावं लागत नाही.

दुसरं, औषध कंपन्यांबद्दलचा राग. तो अगदी निराधार नाही. २००६ साली टॉर्सेट्रापिब हे चांगलं कोलेस्टेरॉल वाढवणारं नवं औषध चाचणीतच थांबवावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. पण ते कशामुळे कळलं? त्याच चाचणीच्या रीतीमुळे. तीच रीत औषधाला लावली, तीच जीवनसत्त्वाला. पक्षपात झालेला नाही.

तिसरं, गोळीमुळे अंग दुखतं ही तक्रार. स्टॅटिननं काहींचे स्नायू खरंच दुखतात. पण ब्रिटनमध्ये २०२० साली, दुखण्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक सुंदर प्रयोग झाला. वर्षभर त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. हे समजल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. दुखणं खोटं नव्हतं, पण बहुतेक वेळा ते त्या गोळीतल्या औषधाचं नव्हतं.

किंमत कोण मोजतं

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक घटना सांगतो. माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार साहेब, साठीच्या आतले. झटका आला, स्टेंट बसला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आणि स्टॅटिन सुरू झालं. औषधं माजी सैनिकांच्या योजनेतून फुकट मिळत होती. चार महिन्यांनी गावातल्या एका ओळखीच्या विक्रेत्यानं त्यांना जीवनसत्त्वांचे डबे दिले, महिन्याला काही हजारांचे. 'दोन्ही एकत्र घेतलं तर शरीर गोंधळतं' असं सांगून आधीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. नव्या स्टेंटवर गुठळी धरू नये म्हणून त्या दोन गोळ्या अनेक महिने, बहुतेकदा वर्षभर, घ्यायच्या असतात. सात आठवड्यांत स्टेंट बंद झाला. सुभेदार साहेब वाचले, पण हृदयाची ताकद गेली. आता त्यांना घरचा जिना चढताना मध्ये बसावं लागतं. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, ती तर जीवनसत्त्वं होती. त्यानं काय नुकसान होणार असं वाटलं."

डब्यातल्या गोळ्यांनी नुकसान केलं नव्हतंच. नुकसान केलं ते रिकाम्या पडलेल्या चौकीनं. पहारेकऱ्याला हटवून त्याच्या जागी तुम्ही बुजगावणं उभं केलंत, तर घात बुजगावणं करत नाही, मोकळी झालेली जागा करते. पूरक गोळ्यांचा खरा धोका हाच आहे. आणि आपल्याला हा धोका पत्करणं परवडणारं नाही. युसुफ यांच्याच ५२ देशांतल्या पाहणीत दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर भागांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी. मुलांची शिक्षणं आणि लग्नं व्हायची असतात, असं ते वय.

शेवटचे चार शब्द

डॉक्टरांनी दिलेली हृदयाची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. जीवनसत्त्व घ्यायचं असेल तर आधी रक्त तपासा, कमतरता असेल ते घ्या, आणि घरातल्या सगळ्या डब्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा जीवनसत्त्व ई आणि के यांच्याशी थेट संबंध येतो. भाजी, फळं, डाळ, चालणं आणि तंबाखूपासून दूर राहणं यांना पर्याय नाही, पण स्टेंट बसल्यावर तेवढ्यावरच भागत नाही.

आणि पुढच्या वेळी 'गोळी सोडा, हे घ्या' असा संदेश आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा : किती माणसांवर तपासलं, किती वर्षं, आणि नकली गोळीशी तुलना केली का? उत्तर आलं तर ते घेऊन डॉक्टरांकडे जा. उत्तर आलं नाही तर संदेश पुढे पाठवू नका.

पुढच्या भागात आपण पुन्हा रणभूमीवर जाऊ. तोपर्यंत तब्येत सांभाळा.

जय हिंद!